जुनी अकॉर्ड विकून मियाटा घ्यावी का?

प्रश्न:
आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरी २००५ सालची चार सिलिंडरची होंडा अकॉर्ड आहे. इंजिन ठणठणीत आहे, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) मात्र झिजले आहेत. एका परिचितांची २००१ सालची माझदा मियाटा ही दोन सीटची, उघडता येणाऱ्या छपराची छोटी स्पोर्ट्स कार विक्रीला आहे आणि ती एकदा चालवल्यापासून माझे मन तिच्यातच अडकले आहे. मुलगी चार वर्षांची आहे. अकॉर्ड विकून ती घ्यावी का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
आपले मन का अडकले, हे मी समजू शकतो. मी नऊ वर्षे मियाटा चालवत आहे. अकॉर्डची अश्वशक्ती १६० आणि मियाटाची १४०च्या आसपास, म्हणजे ताकदीत अकॉर्डच थोडी पुढे. पण तिचे वजन सुमारे १४०० किलो आणि मियाटाचे सुमारे १०५०, शिवाय मियाटात ताकद मागच्या चाकांना मिळते आणि पुढच्या-मागच्या चाकांवर भार जवळपास निम्मा-निम्मा असतो, त्यामुळे वळणावर गाडी हाताच्या इशाऱ्यासरशी वळते. हे सुख खरे आहे.

तरीही अकॉर्ड विकू नये. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मागच्या सीटवरच बसवावे, अशी अमेरिकेत शिफारस आहे, आणि मियाटाला मागची सीटच नाही.

दुसरी गाडी म्हणून घेणार असाल, तर आधी पत्रा पाहा. कापडी छपरावरचे पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जाते. पानगळीत त्या तुंबल्या की पाणी दरवाज्याखालच्या पोकळ पत्र्यात साचते आणि तो आतून गंजतो. त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. माझ्या गाडीच्या मागच्या चाकापुढे रंगाला नखाएवढा फोड आला होता. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर टोक सरळ आत गेले. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा) ६० हजार मैलांना बदलावा लागतो, त्याची पावती मागा. अकॉर्डला पट्ट्याऐवजी साखळी असल्याने तो खर्च नाही.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. अकॉर्डचे बुश आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर आधी बदलून घ्या. झिजलेल्या गाडीची तुलना नीट राखलेल्या गाडीशी करणे अकॉर्डवर अन्याय आहे.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मुलीच्या सीटचा मुद्दा पटला, त्यामुळे अकॉर्ड ठेवतो आणि बुशचे काम याच आठवड्यात करून घेतो. मियाटा शनिवारी गॅरेजमधल्या लिफ्टवर चढवून खालचा पत्रा पाहणार आहे. तो सडलेला निघाला तर ती घेणार नाही.