मदत हवी आहे: उंदरांच्या मेंदूतला करंट आणि बाबांचं विसरणं

नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी अल्झायमरची सुरुवात सांगितली. दुधाचा खाडा ते अजून स्वतःच कॅलेंडरवर मांडतात, पण या महिन्यात एकाच तारखेवर तीन फुल्या आहेत, आणि वर दूधवाला लबाड म्हणून भांडण.

आतेभावाने टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयातल्या २०११ च्या प्रयोगाबद्दल पाठवलं. तिथले संशोधक पॉल फ्रँकलंड यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवून एन्टोरायनल कॉर्टेक्सला (हिप्पोकॅम्पसला माहिती पोहोचवणारा भाग) फक्त तासभर करंट दिला. त्यानंतर हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी साठवायला लागणाऱ्या भागात, नवीन पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तयार झाल्या. पुढे या उंदरांना गढूळ पाण्याच्या हौदात सोडलं, तर पाण्याखाली दडवलेला ओटा कुठे आहे हे त्यांच्या जास्त चांगलं लक्षात राहिलं.

मी अडले ते इथे: आठवड्याने चाचणी घेतली तर काही फरक नाही, सहा आठवड्यांनी मात्र आहे. करंट तासाभराचा आणि गुण इतक्या उशिरा, असं कसं? बाबांसाठी डीबीएसचा (माणसाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून करंट देण्याच्या शस्त्रक्रियेचा) विचार करावा का? शिवाय एक क्लिनिक "हेच तंत्र, फक्त इंजेक्शनमधून" असं सांगून स्टेम सेलचे (मूळपेशींचे) काही लाख मागतंय. आई दागिने मोडायला निघाली आहे.

प्रतिसाद १
ताई, मी लॅबमध्ये उंदरांवरच काम करते, डॉक्टर नाही, एवढं धरून वाचा.

तो उशीर हाच प्रयोगाचा खरा पुरावा आहे. पेशी जन्मली म्हणजे लगेच कामाला लागत नाही. तिला फांद्या फुटायला, जुन्या पेशींशी जोडलं जायला काही आठवडे लागतात. करंटनेच थेट तरतरी आली असती तर ती लगेच दिसली असती. त्यांनी पेशी विभागू न देणारं औषध आधी देऊनही पाहिलं, तेव्हा फायदा गायब झाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने थॅलॅमसच्या (मेंदूच्या मध्यातल्या एका भागाच्या) पुढच्या बाजूला करंट दिला. तिथे हिप्पोकॅम्पसमध्ये वाढल्या त्या मूळपेशींपासून निघालेल्या, झपाट्याने विभागणाऱ्या पेशी. झोपलेल्या मूळपेशी जाग्या झाल्या नाहीत.

पण ते उंदीर धडधाकट होते, अल्झायमरचे नव्हते. प्रौढ माणसात अशा नव्या पेशी बनतात का, यावरच २०१८ मध्ये दोन शोधनिबंधांनी उलटसुलट उत्तरं दिली. अल्झायमरच्या ४२ रुग्णांच्या मेंदूत फॉर्निक्सपाशी (हिप्पोकॅम्पसमधून निघणारा तंतूंचा जुडगा) इलेक्ट्रोड बसवून निम्म्यांनाच करंट देऊन पाहिला, तेव्हा वर्षभराने एकूण गटात ठळक फरक दिसला नाही. डीबीएस पार्किन्सनच्या कंपासाठी रुळलेली शस्त्रक्रिया आहे, विसरण्यासाठी नाही.

आणि इंजेक्शनचा या प्रयोगाशी काडीचा संबंध नाही. उंदरांना बाहेरून एकही स्टेम सेल दिली नव्हती. आपल्याकडे अल्झायमरसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. चाचणी म्हणत असतील तर नोंदणी क्रमांक मागा. चाचणीचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत.

धागाकर्ती
मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, दागिने परत कपाटात गेले. क्रमांक मागितल्यावर क्लिनिकवाले फोनच उचलत नाहीत. दुधाचा हिशेब मी आता दूधवाल्याशी परस्पर ठेवते. बाबांच्या जादा फुल्या तशाच राहू द्याव्यात की गुपचूप खोडाव्यात? घरी असं माणूस असलेल्या कुणी सांगाल का?