काइटबोर्डिंगमध्ये (मोठ्या पतंगाने, म्हणजे काइटने, ओढला जाणारा बोर्ड) फॉइलवर, म्हणजे बोर्ड पाण्यावर उचलून धरणाऱ्या पंखांवर, असलं की शार्कचं टेन्शन नाही, हे खरंच पटतं का तुम्हाला?

खारावारा:
परवा काइट गुंडाळताना शेजारी एकजण नव्या पोराला सांगत होता, फॉइल शिकून घे, मग शार्कबिर्क विसर, पाय पाण्यात नसतातच. ऐकून राहवलं नाही म्हणून लिहितोय. उभं आहात तोवर ठीक आहे हो, मास्ट (बोर्डाखालचा दांडा) पाऊण मीटरचा, त्याच्या टोकाची विंग पाण्यात, बोर्ड हवेत, स्पीड चांगला. पण पूर्ण सेशन कोण उभं असतं? जाइब (वळण घेणं) चुकला की आपण धपकन गळ्यापर्यंत पाण्यात, काइट वाऱ्याबरोबर ओढत नेतोय आणि बोर्ड राहिला मागे, वारा येतो त्या बाजूला. मग एक हात बारवर (काइटच्या दांडीवर), दुसरा पाण्यात ताणलेला, पाय मागे लोंबकळतायत, असं बॉडी ड्रॅग करत, म्हणजे बोर्डाशिवाय काइटने अंग ओढून घेत, नागमोडी बोर्डापर्यंत यायचं. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. वारा पडला तर अजूनच जास्त.

२०१० च्या फेब्रुवारीत फ्लोरिडात स्टुअर्टजवळ एक काइटबोर्डर गेला, माहीत असेल. किनाऱ्यापासून साडेचारशे मीटरवर तो अडचणीत दिसला म्हणून लाइफगार्ड पॅडल मारत गेला, तर हा पाण्यात, मांडीला चावा आणि आजूबाजूला शार्क. लाइफगार्डने तशातही त्याला किनाऱ्यावर आणलं, पण तो वाचला नाही. माझं म्हणणं एवढंच, फॉइल म्हणजे कवच असं नवीन लोकांना सांगू नका, आणि हार्नेसला (काइट अडकवायच्या कमरेच्या पट्ट्याला) टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, लावल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

लाटेवरचा:
पटलं नाही. सोळा वर्षांपूर्वीच्या एका मृत्यूवरून तुम्ही सगळ्यांना घाबरवताय. फ्लोरिडा म्युझियमच्या शार्क नोंदींत २०२४ मध्ये विनाकारण चावल्याच्या घटना जगभरात ४७, त्यात मृत्यू ४. बहुतेक पोहणारे आणि सर्फर. दक्षिण कॅलिफोर्नियात ड्रोनने दोन वर्षं बघितलं, जिथे लहान ग्रेट व्हाइट जमतात तिथे ९७ टक्के दिवशी शार्क आणि माणसं एकाच पाण्यात होती, लोकांना पत्ताही नव्हता. मला स्वतःला शार्कने कधी काही केलं नाही, पण फॉइलच्या विंगने नडगी अशी कापलीये की आतलं पांढरं दिसत होतं, सात टाके. पोरांना हेल्मेट, मार झेलणारं इम्पॅक्ट व्हेस्ट आणि काइटच्या दोऱ्यांमध्ये बोट अडकू न देणं शिकवा आधी.

पाणकावळी:
दोघंही माणसाचंच बोलताय, प्राण्याचं कोणीच नाही. दक्षिण-पूर्व फ्लोरिडाच्या किनाऱ्याला जानेवारी ते मार्च हजारो ब्लॅकटिप शार्क येतात, अगदी उथळ पाण्यात, आणि नेमकं तेव्हाच थंडीच्या वाऱ्याने काइटिंगचं पाणी मस्त होतं. मी तिथे एकदा फॉइल घेऊन उतरले होते. पाणी ढवळलेलं, खाली काही दिसत नव्हतं. अचानक दणका बसला, मास्ट जागच्या जागी थांबला आणि मी बोर्डाच्या पुढे फेकले गेले. वर आले तर हातभर लांबीवर एक शेपटी पाण्यावर आपटली आणि गेली. बाहेर येऊन विंग बघितली, पुढच्या धारेवर ओरखडे होते, पॉलिश पेपरने घासल्यासारखे. त्या शार्कचं काय झालं असेल हा विचार अजून येतो. गर्दीच्या सीझनमध्ये तिथे फॉइल नको, ट्विन टिप (फॉइल नसलेला साधा बोर्ड) घ्या, असं माझं ठाम मत आहे.

नवशिका_काइटर:
मग शार्क लांब ठेवायला ते मॅग्नेटचं ब्रेसलेट आणि इलेक्ट्रिक वालं घ्यावं का? मित्र म्हणतो इलेक्ट्रिक खरंच चालतं

खारावारा:
@नवशिका_काइटर ब्रेसलेटवर पैसे घालवू नकोस. फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीने ऑस्ट्रेलियात ग्रेट व्हाइटवर पाच उपकरणं तपासली होती, २०१८ चा अभ्यास. मॅग्नेट आणि खास मेण यांचा काहीच परिणाम नाही. बोर्डाला लावायच्या एका इलेक्ट्रिक उपकरणाने आमिषाला तोंड लावण्याचं प्रमाण ९६ वरून ४० टक्क्यांवर आणलं, म्हणजे मित्र चुकीचं सांगत नाहीये. पण त्याचे इलेक्ट्रोड बोर्डाच्या खालच्या बाजूला असतात आणि ते पाण्यात असले तरच करंट फिरतो. फॉइलवर बोर्ड हवेत, आणि पडल्यावर बोर्ड तुझ्यापासून वीस मीटर लांब. गरज असते तेव्हाच ते जवळ नसतं.

@पाणकावळी हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, तुमचं बरोबर आहे. तिथे त्या दिवसांत फॉइल नको, मान्य.

लाटेवरचा:
इलेक्ट्रोडचा मुद्दा बरोबर आहे. टूर्निकेलाही माझा विरोध नाही, विंगने मांडी कापली तरी तोच लागणार, म्हणून तर ठेवायचा. शार्कचं नाव घेऊन विकू नका एवढंच. आणि तो हाताशी नसेल तर जांघेत, कंबरेचं हाड आणि गुप्तांग यांच्या मधोमध, मूठ घालून सगळं वजन टाकून दाबायचं. ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी मोजून बघितलंय, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) आवळून बांधण्यापेक्षा याने रक्त जास्त थांबतं.

खारावारा:
नाव कोणतंही घ्या, पण ठेवा. बाकी तुमच्या ४७ मध्ये मला दिलासा वाटत नाही, त्यातले किती जण वाऱ्याने किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर आत एकटे होते? आपण तिथेच असतो.

नवशिका_काइटर:
टूर्निके नेमका कुठे बांधता? हुकला लागत नाही का

खारावारा:
हार्नेसच्या बाजूला, हुक आणि क्विक रिलीजपासून (काइट झटक्यात सोडायच्या कळीपासून) लांब, रबर बँडखाली दुमडून. दोन्ही हातांनी निघतोय का ते आधी जमिनीवर बघ, मग कमरेएवढ्या पाण्यात ओल्या हातांनी. माझा पहिल्यांदा ओल्या हाताने निघालाच नव्हता.