मदत हवी आहे: चालत्या सायकलवर खायचं-प्यायचं कसं?

नमस्कार मंडळी. रोड बाइक घेऊन सहा महिने झाले. रविवारी पुणे-लोणावळा जाऊन-येऊन करतो, जुन्या हायवेने. पाय ठीक आहेत, अडतंय ते हातांचं.

गेल्या रविवारी कामशेतच्या अलीकडे बाटली काढायला खाली बघितलं आणि पुढचं चाक डांबराच्या कडेवरून मातीत उतरलं. पडलो नाही, पण बाटली गेली ट्रकखाली. तेव्हापासून दर वेळी थांबूनच पितो. थांबायचा कंटाळा, म्हणून पिणं टाळतो, आणि परतीला तळेगावच्या पुढे पायात गोळे.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत हे माहीत आहे. पण केळं एका हाताने सोलायचं कसं? चिक्की दातात अडकते, चढावर दम लागलेला असताना तर ठसकाच लागतो. राजगिऱ्याचा लाडू खिशातच भुगा होतो (बायको जर्सी धुताना काय बोलते ते इथे लिहीत नाही).

माझा मागचा ब्रेक डाव्या हाताला आहे. म्हणजे बाटली उजव्या हाताने काढावी ना? आणि डावा हात हँडलच्या मधोमध धरावा की ब्रेकपाशी? मधोमध धरला की सायकल सरळ जाते, पण ब्रेक लांब पडतो.