कॉलेज बेसबॉल: मोसमाचा सर्वोत्तम संघ निवडायचा कसा?

डावखुरा:
मुंबईतल्या सहा कॉलेजांची साखळी स्पर्धा आहे, प्रत्येक संघाचे १० सामने. शेवटी सर्वोत्तम संघ (सगळ्या कॉलेजांतून निवडलेले खेळाडू) आणि एक सर्वोत्तम खेळाडू जाहीर करायचाय. नुसतं बॅटिंग अ‍ॅव्हरेज (हिट भागिले अ‍ॅट-बॅट) बघितलं तर ९ अ‍ॅट-बॅटमध्ये (वॉक वगैरे सोडून मोजलेल्या बॅटिंगच्या खेपा) ५ हिट (बेस मिळवून देणारे फटके) मारणारा .५५६ घेऊन पहिला येतो! किमान अट काय ठेवावी? आणि पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटर एकाच पंगतीत कसे बसवायचे?

स्कोअरबुक:
अमेरिकन कॉलेजांत संघाच्या दर सामन्यामागे २.५ प्लेट अपिअरन्स (बॅटिंगला आल्याची प्रत्येक खेप) लागतात, म्हणजे तुमच्याकडे २५. पिचरला दर सामन्यामागे १ इनिंग, म्हणजे १०.
अ‍ॅव्हरेजपेक्षा ऑन-बेस (हिट, वॉक किंवा अंगावर चेंडू लागून बेसवर पोचण्याचं प्रमाण) आणि स्लगिंग (हिटमधून मिळालेले बेस भागिले अ‍ॅट-बॅट) बघा. समजा ३४ प्लेट अपिअरन्स, २८ अ‍ॅट-बॅट, १० हिट, ५ वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेस), एकदा चेंडू अंगावर. अ‍ॅव्हरेज .३५७ च, पण ऑन-बेस १६/३४, म्हणजे .४७१. हा तुमच्या .५५६ वाल्यापेक्षा कितीतरी कामाचा.
खरा घोळ ईआरएमध्ये होतो, म्हणजे पिचरने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या अर्न्ड रनमध्ये (फील्डरच्या चुकीशिवाय गेलेले रन). स्कोअरशीटवर २०.२ इनिंग म्हणजे २० पूर्ण आणि २ आउट. एक्सेलमध्ये २०.२ तसंच टाकलं की ६ अर्न्ड रनचा ईआरए २.६७ दिसतो, खरा आहे २.६१. इनिंग सोडा, आउट मोजा: अर्न्ड रन गुणिले २७ (नऊ इनिंगचे आउट), भागिले पिचरने केलेले आउट, इथे ६२. तुमचे सामने ७ इनिंगचे असले तरी २७ च ठेवा, फक्त सगळ्यांना तोच नियम लावा.

मैदानकर:
आकडे स्कोअररइतकेच खरे. यजमान कॉलेजचा पोरगा स्कोअर लिहीत असेल तर शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) हातून निसटलेला सरळ चेंडूही हिट होतो. स्कोअरर तिसऱ्या कॉलेजचा ठेवा. शिवाय आपल्या मैदानांना कुंपण कुठे? चेंडू शेजारच्या क्रिकेटच्या पिचवर गेला की होम रन की दोन बेस, हे पहिल्या सामन्याआधीच लिहून ठेवा. नाहीतर स्लगिंगचा आकडा मैदानाचा, खेळाडूचा नाही.
एकाच ट्रॉफीसाठी सूत्र शोधू नका, मतदान घ्या. अमेरिकेतला सर्वोत्तम हौशी बेसबॉलपटूचा पुरस्कार गोल्डन स्पाइक्स २००९ मध्ये पिचर स्टीफन स्ट्रॅसबर्गला मिळाला, २०१९ मध्ये कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) अ‍ॅडली रचमनला. कोचला स्वतःच्या संघाला मत देता येणार नाही, एवढी अट मात्र हवीच. कॅचरची जागा वेगळी ठेवा, त्याचं निम्मं काम बॅटिंगच्या तक्त्यात येतच नाही. बेस चोरायचे (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे धावायचे) किती प्रयत्न झाले आणि त्यातले किती आउट केले, ते लिहा.

डावखुरा:
बॅटर एररवर (फील्डरच्या चुकीमुळे) बेसला पोचला तर ऑन-बेसमध्ये धरायचं का?

स्कोअरबुक:
नाही. अ‍ॅट-बॅट धरायची, हिट नाही. सॅक्रिफाइस बंट (स्वतः आउट होऊन धावपटूला पुढे सरकवायला हळूच ढकललेला चेंडू) अ‍ॅट-बॅट आणि ऑन-बेस दोन्हीतून वगळा, सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला तरी रन आणणारा उंच फटका) मात्र ऑन-बेसच्या छेदात येतो. आणि हो, धोबी तलावच्या दुकानात ट्रॉफी करायला टाकताना नावं फोनवर सांगू नका, टाइप करून द्या.