सल्ला हवा: बाबांना रक्ताचा कॅन्सर, सारखं व्हायरल होतं, दहा हजारांत काय घ्यावं?

घाटंजीचा_पोरगा
बाबा 67 वर्षांचे. मल्टिपल मायलोमा, नागपूरला उपचार. दर आठवड्याला पोटावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, सोबत डेक्साच्या (स्टेरॉइडच्या) गोळ्या. पोळ्यापासून तीनदा सर्दी-ताप, त्यात दोनदा भरती. दिवाळीत बरगडीवर नागीण निघाली. फोड वाळले, पण आग जात नाही, सदरा अंगाला लागू देत नाहीत. घरात सहा जण, पुतण्या अंगणवाडीत जातो. आता कापूस वेचणी, दिवसभर माणसांची ये-जा. बजेट दहा हजार. हवा शुद्ध करायचं मशीन कामाचं आहे का?

वर्धेकर_72
घ्याच. आईसाठी बावीस हजारांचं घेतलं, वर्षभर साधी शिंक नाही. दहा हजारांतलं घेऊ नका, पैसे वाया.

मोर्शीची_लेक
आमच्याकडे मशीन होतं, तरी जावयाकडून सगळ्यांना फ्लू झाला. घरातलाच माणूस शेजारी बसून खोकलत असेल तर मशीन काय करणार? खोकलणाऱ्याला मास्क लावा. पोराला महिनाभर मामाकडे पाठवा.

कास्तकार_दारव्हा
भाऊ, नागीण मंतरून घेतली का? आमच्या गावात गेरू लावून देते, पाचव्या दिवशी उतरते. तोंडाले तोंड मिळालं तं माणूस राहत नाही. अन् गुळवेलीचा काढा रोज द्या.

पप्पांसाठी
आमच्या पप्पांना सीएलएल, तोही रक्ताचाच कॅन्सर. दर महिन्याला आयव्हीआयजी, म्हणजे अँटिबॉडीचं सलाईन लावतो, एका वेळेचे साठ हजार जातात. बाकी सगळं सोडा, हेच करा.

सिस्टर_सावंगी
कास्तकार भाऊ, अशी भीती घालू नका. नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूत दबून राहतो, प्रतिकारशक्ती घटली की त्याच तंतूच्या पट्ट्यात उठतो, म्हणून एकाच बाजूला दिसतो. माझ्या सासऱ्यांचे तीन दिवस मंत्रात गेले. औषध 72 तासांच्या आत सुरू झालं तर जास्त उपयोग होतो. दोन वर्षं झाली, अजून रात्री उठून बसतात.
दादा, बोर्टेझोमिब सुरू असताना असायक्लोव्हिर देतात, नागीण उठू नये म्हणून. बाबांची सुरू आहे का?

कास्तकार_दारव्हा
सिस्टर, गुळवेल आमच्या आजोबापासून घेतो. कोनाले काही झालं नाही.

मोर्शीची_लेक
2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. केमोवाल्या माणसाला कशाला द्यायची? आणि मास्क, मास्क, मास्क.

घाटंजीचा_पोरगा
सिस्टर, फाइल काढून पाहिली. असायक्लोव्हिर 400 लिहिलेली आहे. श्रावणात संपली, इथल्या मेडिकलमध्ये नव्हती. मला वाटलं ॲसिडिटीची गोळी असेल, राहू दे म्हटलं. माझ्याच हातून झालं हे. रात्रभर झोप नाही.

सिस्टर_सावंगी
दादा, एवढ्या गोळ्यांत कोणाच्याही हातून होतं. पण स्वतःहून सुरू करू नका. मायलोमात किडनीवर ताण असतो, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहून डोस ठरतो. आजच नागपूरला फोन करा. आग होते तेही सांगा, नसांच्या दुखण्याचं औषध वेगळं असतं.
सर्दी-तापावर मात्र ही गोळी नाही. त्यासाठी घरातल्या सगळ्यांना फ्लूची लस द्या, इंजेक्शनवालीच. नाकात मारतात ती जिवंत विषाणूची, ती बाबांसाठी नाही. बाबांची लस कधी द्यायची ते डॉक्टर सांगतील. एक थर्मामीटर घ्या. 100.4 ताप दिसला की आधी फोन. पॅरासिटामॉल देऊन बसू नका, ताप झाकला जातो आणि वेळ जातो. आयव्हीआयजी मात्र रक्तातली आयजीजी (अँटिबॉडीचं प्रमाण) तपासल्याशिवाय नाही.

वर्धेकर_72
नागिणीची लसही आहे, शिंग्रिक्स, दोन डोस. आईला दिली. महाग आहे, पण माणसापेक्षा जास्त नाही.

पप्पांसाठी
शिंग्रिक्स जिवंत विषाणूची नाही, म्हणून चालते. आयव्हीआयजीचं तरी विचारा.

मोर्शीची_लेक
आणि पोराला पाठवलं का?

घाटंजीचा_पोरगा
नागपूरला बोललो. उद्या रक्त तपासायचं, रिपोर्ट पाहून गोळी सुरू करतील. आयजीजीचंही विचारलं, त्याच नमुन्यात करतील. मशीन घेत नाही. शिंग्रिक्स कापसाचे पैसे आल्यावर. घरातल्या पाचही जणांना फ्लूची लस, थर्मामीटर, आणि वजन-काटा परसात नेला, मजुरी तिथंच देतो. ताई, पुतण्याला पाठवत नाही. दिवसभर बाबा त्याच्याशीच बोलतात. सर्दी झाली की तो आमच्या खोलीत, एरवी हात धुऊन आजोबांजवळ.

मोर्शीची_लेक
मला पटत नाही. पण बाबांना मायेचा नमस्कार सांगा, आणि रिपोर्ट आला की इथं लिहा.