गिनीपिगच्या अशक्त पिल्लाला वरचे दूध द्यावे का? मदत हवी आहे

आमच्या गिनीपिग मादीला या आठवड्यात तीन पिल्ले झाली असून त्यांपैकी सर्वांत लहान पिल्लाची फार काळजी वाटते. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर त्याचे वजन ५८ ग्रॅम भरते आणि ते वाढतच नाही. बाकीची दोघे मात्र रोज थोडी थोडी भरत आहेत. मादीला दोनच सड असल्याने मोठी पिल्ले याला बाजूला लोटतात. म्हणून त्यांना थोडा वेळ वेगळे ठेवून याला एकट्याला आईजवळ सोडतो. तेव्हा ते पिते, पण लगेच थकते. डोळे टवटवीत आहेत, कोथिंबिरीचे पान पुढच्या दातांनी कुरतडते, शी-शू व्यवस्थित आहे.

विण्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नर आधीच वेगळा केला आहे. मादीला लसूणघास आणि 'क' जीवनसत्त्वासाठी सिमला मिरची रोज देतो. पंचवटीत रात्री गारठा असतो, त्यामुळे पिंजरा आतल्या खोलीत, जाड चादरीखाली असतो.

जवळचे पशुवैद्य प्रामुख्याने कुत्री-मांजरे तपासतात आणि एवढ्या लहान पिल्लाला पुण्या-मुंबईचा प्रवास सोसेल असे वाटत नाही. नाशिकमध्ये गिनीपिगचा अनुभव असलेले पशुवैद्य कोणाला माहीत आहेत का? तोपर्यंत सिरिंजने वरचे दूध द्यावे का, आणि द्यायचे झाल्यास कोणते, एका वेळी किती व ते श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून पिल्लाला कसे धरावे?