कच्चं तेल: ओपेकचा नळ जिंकणार की हॉर्मुझची भीती?

पांथस्थ (धागाकर्ता), ६ जुलै २०२५
काल ओपेक प्लस या तेल विकणाऱ्या देशांच्या गटातल्या आठ देशांनी ऑगस्टपासून रोज ५ लाख ४८ हजार पिंपं जादा काढायचं ठरवलं. मे, जून, जुलैची ४ लाख ११ हजारांची वाढ होतीच. माझा अंदाज: दिवाळीपर्यंत ब्रेंट (ज्यावरून जगात तेलाचा भाव ठरतो ते कच्चं तेल) पिंपाला ६० डॉलरच्या आसपास. युद्धाची भीती म्हणजे चार दिवसांचा ताप. गेल्या महिन्यातच पाहा ना. १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला, भाव ७० च्या खालून ८० पर्यंत चढला. २३ तारखेला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली, आणि त्याच दिवशी भाव सात टक्के आपटला! तेलाला कुणी हात लावत नाहीये, हे बाजाराने ओळखलं. २०१९ मध्ये सौदीतल्या अबकैकच्या तेलप्रक्रिया केंद्रावरच्या हल्ल्याने देशाचं निम्मं उत्पादन बंद पडलं होतं, तरी महिन्याभरात भाव होता तिथे.

खाडीवाला
अबकैक तुमच्याच विरोधात जातं. तेव्हा सौदीने साठ्यातलं तेल जहाजांवर चढवलं, कारण समुद्राची वाट मोकळी होती. मी मस्कतला राहतो, इथे गप्पा वाटेच्याच चालतात. जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा हॉर्मुझमधून, म्हणजे इराण आणि ओमानमधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो. अडीनडीला उत्पादन वाढवायची ताकद कुणाकडे? सौदी, अमिराती, कुवेत. म्हणजे कोठार भरलेलं, पण दार त्याच बोळात उघडतं. ही वाट टाळून यानबू आणि फुजैरा बंदरांना जाणाऱ्या पाइपलाइनी आहेत, पण रोजच्या दोन कोटी पिंपांपुढे त्या अपुऱ्याच. कुवेतला तर तेवढीही सोय नाही.

पांथस्थ
बंद करणार कोण? इराणचं स्वतःचं तेल खार्ग बेटावरून तिथूनच चीनला जातं. ऐंशीच्या दशकातल्या टँकरयुद्धातही वाट चालूच राहिली.

खाडीवाला
बंद करावी लागतच नाही हो. विमा महागला, जहाजवाले बिचकले की झालं. तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्लेच केले, कुठे साखळदंड लावला होता?

पांथस्थ
आणि तरी २०२४ संपताना ब्रेंट ७५ च्या खालीच होतं!

खाडीवाला
कारण आफ्रिकेचा वळसा होता. कुवेतच्या जहाजाने कुठून वळायचं?

चिंचवडकर
तुम्ही पिंपाचं बोलताय, मी लिटरचं. एप्रिलमध्ये तेल गडगडलं, तर केंद्राने लिटरमागे दोन रुपये उत्पादन शुल्क वाढवलं. पंपावर भाव जैसे थे. सिलिंडर मात्र ५० रुपयांनी चढला. चालू द्या.

जुना सटोडिया
'शून्याखाली काय जाणार' म्हणत मी एप्रिल २०२० मध्ये तेजीत, म्हणजे भाव चढेल म्हणून सौदे घेऊन बसलो होतो. अमेरिकी तेल उणे ३७.६३ डॉलरवर बंद झालं, आपल्याकडचा सौदा उणे २,८८४ रुपयांना मिटला. लॉट १०० पिंपांचा, करा हिशेब. तेव्हापासून आकडा सांगणाऱ्याला मी आधी कारण विचारतो. सौदी हे बाजारातला हिस्सा परत मिळवायला करतंय, की कझाकस्तान गटाने ठरवलेला उत्पादनाचा कोटा पाळत नाही म्हणून चिडून? चिडलेला सौदी मार्च २०२० मध्ये पाहिलाय. रशियाशी बिनसलं आणि एका दिवसात भाव पाव हिस्सा साफ.

पांथस्थ
दोन्ही. कझाकस्तानातल्या तेंगिझ तेलक्षेत्राचं उत्पादन वाढलंय, कझाक आता मागे कशाला येतील? वर भाव ६० कडे आला की अमेरिकी शेलवाल्यांच्याही (खडक फोडून तेल काढणाऱ्यांच्या) नव्या विहिरी कमी होतात, ते रियाधला नकोय थोडंच.
६० चा आकडा मागे घेत नाही. भाव पडेल म्हणून मी विकलेल्या लॉटला, खाडीवाल्यांचं वाचून, स्टॉपलॉस (भाव ठरावीक आकड्यापर्यंत चढला की सौदा आपोआप मिटवायची सूचना) मात्र लावलाय.